एक भूमिका, दोघी गायिका

मुंबईकराला ‘ऑपेरा हाउस’ म्हणजे पत्ता सांगायची एक खूण. चर्नी रोडला उतरायचे, पाच मिनिटे चालायचे, की आलेच ऑपेरा हाउस. कोणी तेथे हिऱ्यांच्या सौद्यासाठी गेलेला असतो, कोणी मोटारीचे सुटे भाग शोधत, कोणी नुसता बस पकडायला. त्या इमारतीचे उद्घाटन पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते १९११ साली, बांधकाम पुरे होण्याच्या आतच उरकले गेले. पुढे तिच्या रंगमंचावर बालगंधर्व उभे राहिले, मास्टर दीनानाथ गायले. मग तेथे सिनेमे लागले. १९९३ च्या सुमारास दारे बंद झाली ती थेट २०१६ साली उघडली. एवढे सगळे झाले, तरी ज्या प्रकारावरून त्या इमारतीला नाव मिळाले तो ऑपेरा आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला असतो.

ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून आपल्याकडे पात्रे गद्यात बोलतात आणि प्रसंग आला की पद म्हणतात. ऑपेरात बहुतेक वेळा बोलणेही गाऊनच करायचे. नोकराने ‘पाहुणे आलेत’ एवढे सांगायचे, तर तेही सुरात. रंगमंचापुढच्या खड्ड्यात पन्नास-साठ वादक बसलेले असतात आणि त्या सगळ्यांच्या वरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, तोही मायक्रोफोनशिवाय! आणखी एक फरक मोठा. तिकडे सूर न् सूर कागदावर लिहिलेला असतो. आज तबियत खूश आहे म्हणून चार ताना जास्त घेतल्या, ‘वन्समोअर’ आला म्हणून पद दहा मिनिटे फुलवले, हे तिकडे चालत नाही. आपल्याकडच्या रसिकाला हे वाचून जरा नाक मुरडावेसे वाटेल. पण या लिहून ठेवण्यात एक मोठी सोय आहे, आणि ती सोय म्हणजे काय ते मला जर्मनीतल्या एका संध्याकाळी पाहायला मिळाले.

आमची भाची आणि जावई कामानिमित्त तिकडे असतात. ऱ्हाईन नदीच्या काठी, आपल्या साताऱ्याएवढे गाव. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे जी तारांबळ सांगणार आहे ती चव्हाट्यावर आलेली तेथल्या मंडळींना आवडेल, न आवडेल. गावात नदीकाठचा फिरायचा रस्ता आहे, एक जुने चर्च आहे, शनिवारी भरणारा भाजीबाजार आहे आणि चक्क एक ऑपेरागृह आहे!

एवढ्याशा गावाला ऑपेरागृह कशाला, असे मी विचारले. उत्तर इतिहासात आहे. १८७१ पूर्वी जर्मनी हा एक देश नव्हताच. लहानमोठी संस्थाने होती. प्रत्येक संस्थानिकाला जसा स्वतःचा राजवाडा हवा, तसे स्वतःचे थेटरही हवे. आपल्याकडे सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी १८४३ साली विष्णुदास भाव्यांकडून ‘सीतास्वयंवर’ करवले, तीच ही हौस. १९१८ साली राजे गेले. थेटरे मात्र प्रांतिक सरकारांनी आणि नगरपालिकांनी चालवायला घेतली. त्यामुळे आज त्या एका देशात ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे सार्वजनिक पैशावर चालतात. गायक, वादक, कोरसमधली मंडळी, शिंपी, सुतार असे कित्येकजण तेथे महिन्याच्या पगारावर असतात. आज एक ऑपेरा, परवा दुसरा, रविवारी तिसरा, असा खेळ आलटून पालटून चालू.

भाचीने तिकिटे तीन महिने आधी काढून ठेवली होती. खेळ होता व्हेर्दीचा ‘ला त्राव्हिआता’. पॅरिसमधल्या एका गणिकेची ही गोष्ट. क्षयाने पोखरलेली व्हिओलेत्ता एका भल्या घरच्या मुलावर जीव टाकते. मुलाचा बाप येऊन ‘माझ्या घराच्या अब्रूसाठी त्याला सोड’ म्हणून विनवतो. ती सोडते, आणि शेवटी झुरत मरते. धाकट्या अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून आणि नाटकावरून हे घेतलेले. व्हिओलेत्ताचे काम करणारी बाई त्याच थेटरातली पण नाव गावाबाहेर गेलेली. भाचीने तिच्या गाण्यांच्या ध्वनिफिती मला इकडे पुण्यात पाठवल्या होत्या आणि मी त्या इतक्या वेळा ऐकल्या होत्या की आमची मोलकरीणसुद्धा एक सूर गुणगुणू लागली होती. सौभाग्यवतींनी लहानपणी नाट्यपदांची शिकवणी घेतलेली. तिचेही कान तयार. तेव्हा आम्ही निघालो होतो ते ऑपेरा पाहायला म्हणण्यापेक्षा त्या एका आवाजाच्या दर्शनाला.

थेटरात शिरताच आधी अंगावरचा जाड कोट काढून खिडकीशी द्यायचा आणि पितळी बिल्ला घ्यायचा. कोटासकट आत बसणे तिकडे असभ्य समजतात. सौभाग्यवतींची नारायणपेठी कोटाखालून बाहेर आली तेव्हा खिडकीतल्या बाईने कौतुकाने मान डोलावली. आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध बाई होत्या. त्या वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांपैकी. त्यांची खुर्ची ठरलेली आणि एकतीस वर्षे तीच! पूर्वी शेजारी यजमान बसत, आता ते नाहीत, म्हणून ती खुर्ची इतरांना मिळते, हे त्यांनी सहज सांगितले. त्या इंग्रजी बरे बोलत.

भाचीने कार्यक्रमपत्रिका उघडली तो आतून एक रंगीत चिठ्ठी खाली पडली. ती वाचून तिचा चेहरा उतरला.

“मामा, बाईंचा आवाज बसलाय. त्या आज गाणार नाहीत.”

“मग खेळ रद्द?”

“रद्द नाही. गाणारी दुसरी आहे. पण काम बाईच करणार आहेत!”

मला काही उलगडा होईना. तेवढ्यात दिवे मंद झाले आणि पडद्याच्या फटीतून काळ्या कोटातले एक गृहस्थ बाहेर आले. तिकडच्या प्रेक्षकाला पडद्यापुढे असा कोटवाला माणूस दिसला की पोटात धस्स होते, कारण तो चांगली बातमी घेऊन सहसा येत नाही. सभागृहात एक लांब सुस्कारा ऐकू आला. त्या गृहस्थांनी सांगितले ते असे. बाईंच्या घशाला सकाळी सूज आली. डॉक्टरांनी गाण्याला सक्त मनाई केली आहे. चालता-फिरता मात्र येते. दुसऱ्या एका थेटरातल्या गायिका तीनशे किलोमीटरवरून आगगाडीने आल्या आहेत. त्या साडेचारला पोचल्या. या खेळातल्या हालचाली शिकायला वेळ नव्हता, म्हणून त्या रंगमंचाच्या कडेला उभ्या राहून गातील आणि बाई अभिनय करतील. टाळ्या पडल्या. आमच्या शेजारीणबाईंनी तर जरा जोरातच वाजवल्या.

हे कसे जमते, हे ऐकण्यासारखे आहे. अशा उडी घेणाऱ्या गायकाला जर्मनीत ‘आइनश्प्रिंगर’ म्हणतात. म्हणजे ‘मध्ये उडी टाकणारा’. सकाळी गायकाचा फोन येतो, की घसा गेला. लगेच कचेरीतली माणसे दुसरे फोन फिरवायला बसतात. ही भूमिका सध्या कोणाच्या गळ्यात ताजी आहे? आज कोण मोकळे आहे? किती वाजताची गाडी मिळेल? व्हिओलेत्ताचे सूर सगळीकडे तेच, शब्द तेच. पूर्वी जर्मनीत बहुतेक ऑपेरे जर्मन भाषांतरात गात, तेव्हा परदेशी पाहुणा आला तर तो इटालियनमध्ये आणि बाकीचे जर्मनमध्ये अशी गंमत होई. आता बहुतेक ठिकाणी मूळ भाषेतच गातात, त्यामुळे कोठलीही व्हिओलेत्ता कोठेही उभी राहू शकते. वेळ असला तर साहाय्यक दिग्दर्शक पाहुण्याला जुन्या प्रयोगाचे चित्रण दाखवतो, रिकाम्या रंगमंचावरून एकदा फिरवून आणतो, शिंपी टाचण्या लावून पोशाख बेतून देतो. वेळ नसला तर मग आम्ही पाहिला तो तोडगा. कधी कधी आजारी गायकाला उठवत नाही. अशा वेळी साहाय्यक दिग्दर्शकच पोशाख चढवून मुकाट्याने ओठ हलवत काम करतो. अमेरिकेतल्या मोठ्या थेटरांत तर प्रत्येक प्रमुख भूमिकेला दुसरा गायक आधीच नेमलेला असतो. खेळ चालू असताना त्याने काही मिनिटांच्या अंतरावर राहायचे, आणि आपल्या भूमिकेचा शेवटचा प्रवेश सुरू होईपर्यंत हलायचे नाही.

पडदा वर गेला. झुंबराखाली मेजवानी, मधोमध पांढऱ्या पोशाखातली बाई. आणि डाव्या कडेला, एका लहानशा दिव्यापाशी, स्वरलिपीचे पुस्तक स्टँडवर ठेवून, साध्या काळ्या पोशाखातली दुसरी. एकीचे ओठ हलत होते आणि आवाज दुसरीचा. तसे पाहिले तर आपल्याला यात नवल नको. आपल्या सिनेमात पडद्यावरची नायिका एक आणि लताबाई गात असतात, हे आपण जन्मभर पाहत आलो. पण सिनेमात गाणारी दिसत नाही. येथे दोघी समोर! डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे अशी माझी पहिला अर्धा तास ओढाताण झाली. शिवाय ज्या आवाजासाठी तीन महिने थांबलो तो हा नव्हे. हा जास्त जाड, जरा सावध. चढाच्या जागी पुस्तकाकडे नजर टाकणारा. मी मनातून खट्टू होतो.

मध्यंतरात शेजारीणबाईंनी आम्हांला बाहेरच्या दालनात नेले. तेथे फेसाळ वाइनचे पेले आणि खारवलेले वेटोळे पाव घेऊन गाव उभा होता, आणि जो तो अशाच गोष्टी सांगत होता. तिकडच्या रसिकांजवळ या गोष्टींचा मोठा साठा असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये २८ डिसेंबर १९५९ रोजी वाग्नरचा ‘ट्रिस्टान’ होता; नायिका बिर्गिट निल्सन. नायकाचे काम करू शकणारे तिघे टेनर गावात, आणि तिघेही आजारी! पूर्ण खेळ गायची ताकद एकातही नाही. तेव्हा व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी एकेकाला एकेक अंक गायला राजी केले. पडद्यापुढे येऊन त्यांनी ही व्यवस्था जाहीर केली आणि नशिबाने या ऑपेराचे अंकही तीनच आहेत, असे सांगून प्रेक्षकांना हसवले. कार्ल लीब्ल, रामोन विनाय आणि अल्बर्ट दा कोस्टा हे ते तिघे. एका रात्रीत निल्सनबाईंना तीन प्रियकर लाभले!

सगळ्याच गोष्टी अशा गोड नाहीत. मिलानच्या ‘ला स्काला’त १० डिसेंबर २००६ रोजी ‘आइदा’ चालू असताना वरच्या गॅलरीने हुर्यो केली म्हणून नायक रोबेर्तो आलान्या तडक निघून गेला. संगीत चालू, सहगायिका एकटी! बदली गायक आन्तोनेल्लो पालोंबी होता त्या कपड्यांत, म्हणजे साध्या जीन्समध्ये, प्राचीन इजिप्तच्या दरबारात येऊन उभा राहिला आणि गाऊ लागला. आणि बदलीतूनच एखादे मोठे नाव जन्माला येते. १८८६ च्या ३० जूनला रिओ द जानेरोत याच ‘आइदा’च्या वेळी वाद्यवृंदाचा संचालक काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्याला लोकांनी टिकू दिले नाही. शेवटी चेलो वाजवणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला पुढे केले. त्याने समोरचे पुस्तक मिटून सबंध ऑपेरा तोंडपाठ संचालित केला. तो पोरगा म्हणजे आर्तुरो तोस्कानिनी.

‘त्राव्हिआता’ची स्वतःची जन्मकथा मात्र उलटी आहे. तेथे बदली हवी होती आणि मिळाली नाही. व्हेनिसमध्ये ६ मार्च १८५३ रोजी पहिला प्रयोग ठरला. क्षयाने खंगलेल्या तरुणीच्या कामासाठी थेटराने नेमलेली गायिका, फान्नी साल्व्हीनी-दोनातेल्ली, अडतिशीची आणि अंगाने चांगली भरलेली. व्हेर्दीने तिला बदलण्याचा आग्रह धरला. पण करारातली मुदत टळून गेली होती. ती गायली चांगली. परंतु शेवटच्या अंकात ही बाई आता क्षयाने मरणार असे सांगितल्याबरोबर लोक हसू लागले. खेळ पडला. पुढच्या वर्षी, मे महिन्यात, त्याच गावातल्या दुसऱ्या थेटरात दुसऱ्या गायिकेला घेऊन तो पुन्हा लागला आणि उभा राहिला तो आजतागायत.

घंटा झाली, आम्ही परत जागेवर आलो. बापाचा आणि व्हिओलेत्ताचा मोठा प्रवेश झाला, आणि त्यात हळूहळू काही तरी बदलू लागले. काळ्या पोशाखातल्या बाईने पुस्तकाकडे पाहणे सोडले. ती आता रंगमंचावरच्या बाईकडे पाहत होती. ती श्वास घ्यायची तेव्हा हीही घ्यायची. ती वळली की हिचा सूर वळायचा. दुपारी साडेचारपर्यंत या दोघींनी एकमेकींचे तोंड पाहिले नव्हते, हे खरे वाटू नये.

मग शेवटचा अंक आला. पहाटेची वेळ, बिछाना, औषधाची बाटली. येथे एक जागा अशी आहे की जेथे व्हेर्दीने नायिकेला गायलाच लावलेले नाही. प्रियकराच्या बापाचे पत्र आलेले असते. त्याला आता पश्चात्ताप झालेला आहे, मुलगा परत येत आहे. ते पत्र व्हिओलेत्ता वाचते, साध्या बोलण्यात. मागे व्हायोलिनवर जुन्या प्रीतीचा सूर हलकेच वाजत असतो. मी डावीकडे पाहिले. काळ्या पोशाखातल्या बाईने पुस्तक मिटले होते आणि मान खाली घातली होती. आणि बिछान्यावरून आवाज आला. तो बाईंचा स्वतःचा होता! बसलेला, खरखरीत, मध्येच तुटणारा. ध्वनिफितीत मी ऐकलेल्या त्या आवाजाचे तिथे काही उरले नव्हते. ज्याचा गळा गेला आहे अशा माणसाने, जिचा प्राण जात आहे अशा बाईचे पत्र वाचले. सभागृहात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. माझ्या शेजारी सौभाग्यवतींनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. पत्र संपले, आता उशीर झाला, असे ती म्हणते, आणि पुढचा सूर डाव्या कडेने उचलला.

पडदा पडल्यावर लोकांनी टाळ्यांबरोबर जमिनीवर पायही आपटले. तिकडे ती पसंतीची खूण आहे. आजारी बाईंनी पाहुणीचा हात धरून तिला पुढे ओढले आणि आपण दोन पावले मागे सरल्या.

रात्री नदीकाठाने घरी जाताना मला आठवली ती आपली गोष्ट. १२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग. भामिनी म्हणजे नारायणराव राजहंस, आपले बालगंधर्व. वय अवघे बावीस. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. तरी ते रंगले, उभे राहिले आणि गायले. ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या अभिमानाने सांगत आलो, आणि तिच्यात अभिमान वाटण्यासारखे आहेच. पण त्या रात्री मला तिची दुसरी बाजू दिसली. त्यांच्याऐवजी उभा राहणार कोण? तीनशे किलोमीटरवरून कोणाला बोलावणार? ती पदे कोणी म्हटली असती, तरी बालगंधर्वांचे गाणे कागदावर लिहिलेले नव्हते. ते त्यांच्या गळ्यात होते. ज्याच्या जागी दुसरे कोणी येऊ शकत नाही, त्याला आजारी पडता येत नाही, आणि लेक गेली तरी घरी बसून रडता येत नाही.

हे मी बोलून दाखवले तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “खरे आहे. पण आपले गाणे माणसाचे असते म्हणूनच ते तसे असते ना? आजच्या पाहुण्या बाई गायल्या छान. पण तुम्ही ऐकायला आला होतात ते ऐकायला मिळाले का?”

मिळाले नाही, हेही खरे. तो आवाज मला आता ध्वनिफितीतूनच ऐकायचा. पण सुजलेल्या घशाने गायले तर स्वरतंतूंना इजा होते, कधी रक्तस्राव होतो, आणि एका रात्रीच्या हट्टापायी जन्माचा आवाज जाऊ शकतो. त्या बाईंचा आवाज पुढच्या हंगामात कोणाला तरी ऐकायला मिळेल, तो केवळ त्या संध्याकाळी मला मिळाला नाही म्हणून. आपल्याकडे आजही ‘प्रमुख कलाकाराच्या आजारपणामुळे प्रयोग रद्द’ अशी पाटी लागते आणि आपण पैसे परत घेऊन घरी जातो. तेही वाईट नाही. निदान कलाकार अंथरुणावर पडून राहतो.

वाचकांपैकी ज्यांना मुलाबाळांच्या निमित्ताने तिकडे जाण्याचा योग येईल, त्यांनी एक संध्याकाळ अशा लहान गावच्या थेटरासाठी जरूर राखून ठेवावी. मोठ्या राजधान्यांपेक्षा तेथे तिकीट बहुधा स्वस्त मिळते, आणि साधे नीटनेटके कपडे पुरतात. गोष्ट आधी वाचून जावे. आणि कार्यक्रमपत्रिकेतून एखादी रंगीत चिठ्ठी खाली पडली, तर उठून जाऊ नये. कोणी तरी सकाळी फोन घेऊन, हाती लागेल ती गाडी पकडून, अनोळखी गावात तुमच्यासाठी येऊन उभे राहिलेले असते.